हिराई-सानचं लिस्बन

सहलीत गाइड सगळ्यांच्या पुढे चालतो आणि तेन्जोइन सगळ्यांच्या मागे. मी आयुष्यभर मागे चालले. तेन्जोइन म्हणजे सहल कंपनीचा तो माणूस, जो गटाबरोबर टोकियोच्या नारिता विमानतळावरून निघतो आणि नारितालाच सगळ्यांना परत आणून सोडतो. इतिहास सांगणं गाइडचं काम. तेन्जोइनने माणसं सांभाळायची. कुणाची बॅग आली नाही, कुणाला हॉटेलातली उशी उंच होते, कोण दुकानात रमलंय आणि कोण भलत्याच बसमध्ये जाऊन बसलंय, यावर डोळा ठेवायचा. त्यामुळे लिस्बन मी बहुतेक वेळा लोकांच्या पाठींमधल्या फटींतून पाहिलं. तरी ते असं काही डोळ्यांत बसलंय की अजूनही इचिकावाच्या घरात भांडी घासताना मधेच समोर पांढऱ्या दगडांचा उतार दिसायला लागतो, खाली तागूस नदी चमकते, आणि मागून माझा मुलगा जपानीत म्हणतो, "आई, नळ चालू आहे."

मी मूळची रेवदंड्याची. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींआड नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि झाडांतून डोकं काढणारा एक जुना मनोरा. पोर्तुगीज कोण, कुठले, याच्याशी आम्हा पोरांना काही देणंघेणं नव्हतं. ते दगड आमच्या लपाछपीचे होते. पुढे पुण्यात जपानी भाषा शिकले, त्या नादात इकडे जपानात आले, केन्जीशी लग्न केलं आणि टोकियोजवळच्या इचिकावाची झाले. कंपनीने युरोपच्या सहलींवर घातलं आणि त्यात लिस्बन माझ्याकडे आलं. पहिल्यांदा कार्मोच्या चर्चमध्ये उभी राहिले तो दिवस आठवतो. जुन्या मोठ्या भूकंपात त्याचं छत कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. कमानी तेवढ्या उभ्या आहेत, हाडांसारख्या, आणि वर सगळं निळं आकाश. मला वाटलं, आता कुठूनतरी कुणीतरी ओरडणार, "राज्य कुणावर?"

जपानी पाहुणे त्या चर्चमध्ये आपोआप गप्प होतात. भूकंप त्यांना समजावून सांगावा लागत नाही. टाइल्सच्या संग्रहालयातही तसंच. तिथे भूकंपाआधीचं अख्खं शहर निळ्या टाइलींवर काढलंय. एक आजी त्या चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेल्या, शेवटी थांबल्या आणि जिन्यावर भेटलेल्या शेजारणीला करावा तसा वाकून नमस्कार केला.

बाकी आमच्या धंद्यात ठरलेली ठिकाणं ठरलेलीच. बेलेंचा मनोरा, जेरोनिमोसचा मठ, अठ्ठावीस नंबरची ट्राम. ती न दाखवून चालतच नाही. ट्राममध्ये बॅग पोटाशी धरा, पदपथावरचे दगड गुळगुळीत आहेत तेव्हा रबरी तळव्याचे बूट घाला, असं मी घसा बसेपर्यंत सांगायचे. आणि जी ठिकाणं मला स्वतःला आवडतात ती राहून जायची. आतून आगीत जळालेलं आणि तसंच काळवंडलेलं ठेवलेलं साओ दोमिंगोसचं चर्च. आल्फामाच्या जुन्या वस्तीत बायका अजून कपडे धुतात ती सार्वजनिक धुण्याची जागा. ग्रासाच्या टेकडीवरचा तो कट्टा, जिथून सगळं शहर मांडीवर घेतल्यासारखं दिसतं. कार्यक्रमात ती छापलेली असायची, पण स्वच्छतागृहासमोरच्या रांगांत त्यांचा वेळ संपून जायचा.

मग महामारी आली. विमानं थांबली आणि माझ्यासारख्या माणसाला मागे चालायला कुणाच्या पाठीच उरल्या नाहीत.

कंपनीने तेव्हा पडद्यावरच्या सहली सुरू केल्या. मी इचिकावाच्या आमच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीशी टेबल लावून बसायचे. तिकडे लिस्बनमध्ये आमची जुनी गाइड फिलिपा फोन काठीला लावून रस्त्यांतून हिंडायची. ती पोर्तुगीज वळणाच्या इंग्रजीत बोलायची, मी जपानीत सांगायचे, आणि घरोघरी बसलेले आमचे जुने पाहुणे पडद्यावरच्या चौकोनांतून बघायचे. बहुतेक सगळे सत्तरीपुढचे. इकडे एदो नदीवर संध्याकाळ उतरत असायची, रेल्वेच्या पुलावर गाड्यांच्या खिडक्या पिवळ्या व्हायला लागायच्या, आणि समोर पडद्यावर कोवळं ऊन. रस्ते ओस, दुकानं अर्धी बंद. फिलिपाच्या चपलांचा आवाज तेवढा यायचा. कधी कधी मला कळेनासं व्हायचं की मी कुठे आहे. खिडकीबाहेरचा कावळा इचिकावाचा की आल्फामाचा? सहल संपवून उठले की पाय खरोखरच दुखायचे. केन्जी विचारायचा, "आलीस का परत?"

या सहलींत एक गंमत होती, कुणाला स्वच्छतागृहात न्यावं लागायचं नाही. त्यामुळे राहून गेलेली सगळी ठिकाणं मी मनसोक्त दाखवायला लागले.

नागोयाचे ताकेउची-सान, सान म्हणजे आपलं 'जी', दर वेळी असायचे. मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. सहल मिनिटभर उशिरा सुरू झाली की लगेच बोलायचे. आणि दर वेळी असायच्या हिराई-सान, आमच्या इचिकावाच्याच, ऐंशीच्या घरातल्या. त्यांचा चौकोन नेहमी थोडा तिरका, त्यात अर्धा चेहरा आणि मागे एक कॅलेंडर.

हिराई-सान मनोऱ्यापाशी गप्प, मठापाशी गप्प. गल्ल्या सुरू झाल्या की मात्र पुढे सरकायच्या.

"मेधा-सान, माफ करा, तिथे डावीकडे काय आहे?"

"तिथे घरं आहेत हो, लोकांची."

"जरा थांबता येईल का? एवढी माणसं जाऊ देत."

दोनचार माणसं जायची. त्या त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघायच्या. मग, "इथे जवळपास पावाचं दुकान असतं का?"

एकदा ताकेउची-सान चिडलेच. "हिराई-सान, गेल्या खेपेलाही आपण याच गल्लीत उभे होतो. पाव आमच्याकडे स्टेशनवरही मिळतो."

"माफ करा," त्या म्हणाल्या. पुढच्या सहलीला पुन्हा तेच.

ऑगस्ट संपता संपता त्यांचा फोन आला. "आमच्या बागेतल्या नाशी तयार झाल्यात. घेऊन जाल का?" नाशी म्हणजे इकडची गोल, तपकिरी नाशपाती, इचिकावाची नाशी नावाजलेली. मी सायकल काढली आणि गेले. त्यांच्या बागेत डोक्याच्या उंचीवर तारांची जाळी होती आणि फांद्या तिच्यावर आडव्या बांधलेल्या. खाली हिरवा उजेड. हिराई-सान त्या उजेडात एका क्रेटवर बसल्या होत्या. त्यांनी एक फळ सोलून माझ्या हातात दिलं आणि एकदम म्हणाल्या, "माझी मुलगी तिथे आहे. निदान, असावी."

मुलीचं नाव चिहारु. एकुलती एक. बाग तिने सांभाळायची, बागेत राहणारा नवरा करायचा, हे वडिलांनी ठरवून टाकलेलं. तिला पाव भाजायचं वेड लागलं होतं. ती युरोपात शिकायला जाते म्हणाली तेव्हा वडिलांनी दारात उभं राहून सांगितलं, गेलीस तर परत येऊ नकोस. ती गेली. आधी फ्रान्समध्ये असल्याचं कळलं, मग काहीच कळेना. वीसेक वर्षं झाली. महामारीच्या आदल्या वर्षी शेजारचा एकजण लिस्बनला फिरायला गेला होता. टेकडीवरच्या एका गल्लीत त्याला पिठाचं पोतं उचलून नेणारी बाई दिसली. चिहारुच वाटली, म्हणून त्याने हाक मारली, "तू हिराईंची चिहारु ना?" ती म्हणाली, "तुमची चूक होतेय."

"आणि हे ती जपानीत म्हणाली," हिराई-सान म्हणाल्या. "इचिकावाच्या जपानीत."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही गेलात?"

"तेव्हा हे आजारी होते. हे गेले, आणि मग विमानंच बंद झाली. आता माझ्या पायांत प्रवासाचं बळ नाही." मग म्हणाल्या, "तुमची ती बाई फोन घेऊन हिंडते. कधीतरी चिहारु समोरून जाईल, एवढीच आशा. मला तिच्याशी बोलायचं नाही. कशी दिसते ते बघायचंय."

त्यांनी पिशवीभर फळं दिली. सायकलच्या हँडलला ती पिशवी अडकवून मी नदीकाठाने परत आले. चालवत नव्हते, सायकल हातात धरून चालत होते. मनात विचार एवढाच की हे आपलं काम नव्हे. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे टिपू नका, असं कंपनीने बजावलेलं. आणि जिला सापडायचं नाहीये तिला शोधणारे आपण कोण? पण तेन्जोइनला एक खोड जडलेली असते. गटातलं माणूस मागे राहिलंय असं वाटलं की जेवण गोड लागत नाही.

मी फिलिपाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जपानी बाई? ग्रासाच्या मागच्या उतारावरच्या बेकरीत आहे एक. सगळे तिला शारु म्हणतात. मी पाव तिथूनच आणते की!"

आम्ही आमच्या सहलींत त्या उतारावर एकदाही उतरलो नव्हतो. तिथे बघण्यासारखं काही नाही म्हणून.

"फोन घेऊन जाऊ नकोस," मी म्हटलं. "नुसती जा. तिला विचार."

फिलिपा गेली आणि तासाभरात तिचा फोन आला, आवाज उतरलेला. चिहारुने ऐकून घेतलं होतं, हातातलं काम न थांबवता. मग म्हणाली होती, "मी काही प्रेक्षणीय स्थळ नाही. तुमच्या लोकांना मठ दाखवा."

हे हिराई-सानना कसं सांगायचं? मी पुन्हा बागेत गेले. फळं उतरवून झाली होती, जाळीवर नुसती पानं. मी सांगितलं. त्या ऐकताना खाली बघत होत्या. पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आहे."

"हो. आहे."

"कामात होती?"

"हो. पीठ मळत होती."

"म्हणजे बरी आहे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "वडिलांचं सांगितलंत का तिला?"

"नाही. सांगू का?"

"नको. ते मी सांगायचं."

मी फिलिपाला सांगून ठेवलं, पाव आणायला जातेस तशीच जात जा, विषय काढू नकोस. तिने काढला नाही. आठवडे गेले. एक दिवस पैसे देताना चिहारुनेच विचारलं, "ती अजून बघते का?" फिलिपा म्हणाली, एकही सहल चुकवत नाही. चिहारुने पाव कागदात गुंडाळला, फिलिपाच्या हातात दिला आणि म्हणाली, "शनिवारी सकाळी मी दाराबाहेर असते. रस्ता सगळ्यांचा आहे. पण मी बोलणार नाही."

ऑक्टोबर संपत आला होता. मी ती सहल 'ग्रासाची टेकडी आणि मागचा उतार' अशी जाहीर केली. हिराई-सानना आदल्या दिवशी सांगितलं. त्यांना वाटेल तसं वाटू दे, पण अचानक नको. त्या म्हणाल्या, "मी माइक बंद ठेवीन. शब्द दिला."

सहलीच्या संध्याकाळी इचिकावात अंधारून आलं होतं. पडद्यावर फिलिपा टेकडीवरच्या कट्ट्यावर उभी होती. खाली शहर धुक्यातून वर येत होतं, आधी किल्ला, मग लाल छपरं, मग नदी. हिराई-सानचा चौकोन आज सरळ होता. त्यांनी ओठांना थोडा रंग लावला होता.

फिलिपा उतार उतरायला लागली. मी त्या जागेविषयी वाचून ठेवलेलं सगळं बोलत होते, कामगारांच्या जुन्या चाळी, लोखंडी सज्जे, भिंतींवरच्या टाइली. काय बोलत होते ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. वळण आलं. एका अरुंद दाराबाहेर पायरीवर, पांढऱ्या एप्रनमधली बाई कपातून कॉफी पीत बसली होती. मास्क हनुवटीवर. फिलिपाला बघून तिने तो नाकावर चढवला.

फिलिपा समोरच्या भिंतीकडे वळली, ठरल्याप्रमाणे, पण फोन दाराकडेच राहिला. मी टाइलींविषयी बोलत राहिले. निळा रंग, पिवळा रंग. ताकेउची-सानने विचारलं, "या टाइली दिसत का नाहीत?"

तेवढ्यात त्या बाईने कप पायरीवर ठेवला, उठली, आणि मास्क पूर्ण काढून टाकला. रुंद कपाळ, पिठाने पांढरे झालेले की खरंच पांढरे झालेले केस, कळत नव्हतं. तिने फोनमध्ये सरळ बघितलं.

"आई," ती जपानीत म्हणाली. "बाबा बरे आहेत?"

हिराई-सान माइकचं बटण शोधत होत्या, त्यांचा हात पडद्यावर मोठा होऊन फिरत होता. आवाज सुरू झाला. फिलिपाने तिकडे स्पीकर चालू केला.

"चिहारु," त्या म्हणाल्या. "बाबा गेले गं. दोन वर्षं होतील. तुला कळवायला पत्ताच नव्हता."

पडद्यावरची बाई पायरीवर खाली बसली.

तेवढ्यात मला दिसलं, ताकेउची-सानचा चौकोन काळा झाला. पहिल्यांदा वाटलं, रागाने गेले. पण नाव होतं. त्यांनी नुसता कॅमेरा मिटला होता, आवाजही. मग दुसरा चौकोन काळा झाला, तिसरा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एकामागून एक सगळे घराचे दिवे मालवावेत तसे मिटत गेले आणि पडद्यावर दोनच खिडक्या उजळ उरल्या, एकीत आई, एकीत लेक. फिलिपाने फोन चिहारुच्या हातात दिला असावा, कारण चित्र हललं आणि तिचा चेहरा जवळ आला. मी माझाही कॅमेरा मिटला, हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पुलावरून गाड्या जात होत्या. केन्जी दारात येऊन काही विचारणार होता. माझ्याकडे बघून तसाच परत गेला.

बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा दोघी गेल्या होत्या. काळ्या चौकोनांतली माणसं मात्र होती तिथेच. खाली ताकेउची-सानचा संदेश आला होता: "आम्ही थांबलो आहोत. घाई नाही." फिलिपाने फोन पुन्हा काठीला लावला, नाक ओढलं आणि विचारलं, "आता कुठे जायचं?" मी म्हटलं, खाली नदीपर्यंत. आम्ही सगळे नदीपर्यंत गेलो.

विमानं सुरू झाल्यावर, नाशीच्या हंगामात, चिहारु इचिकावाला आली. वडिलांच्या थडग्यावर पाणी घातलं, महिनाभर बागेत राहिली, फळं उतरवली. बाग तिने घेतली नाही. ती आता शेजारचे कसतात आणि हिराई-सान रोज सकाळी त्यांच्या चुका काढायला जातात. सगळं काही छान झालं असं मी म्हणणार नाही. दोघी एकमेकींशी अजून जरा जपूनच बोलतात, दुखरा दात असलेला माणूस जेवतो तशा. वीस वर्षं कुणी भरून देत नाही.

परतताना चिहारुला सोडायला नारिताला मीच गेले. ट्रेनमध्ये ती म्हणाली, "मेधा-सान, तुम्ही लोकांना तिथे काय काय दाखवता?"

मी सांगत गेले. जेरोनिमोसचा मठ, बेलेंचा मनोरा, कार्मोचं चर्च. ती ऐकत होती, अनोळखी गावाबद्दल ऐकावं तशी.

"यातलं मी काहीच पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

"काय सांगतेस! इतकी वर्षं राहतेस तिथे."

"पहाटे भट्टी पेटवायची, दुपारी झोपायचं. मठ कधी बघणार?" ती खिडकीबाहेर बघत होती. चिबा प्रांतातली भातशेतं मागे पळत होती. "आई म्हणते, तिने सगळं पाहिलंय."

आता रविवारी बेकरी बंद असते. चिहारु कानाला फोन लावून बाहेर पडते आणि इचिकावातून हिराई-सान तिला शहर दाखवतात. कधी मी नाशी आणायला किंवा डाळिंबं द्यायला गेले की ऐकू येतं. त्या डोळे मिटून बसलेल्या असतात, एक हात थोडा पुढे, जणू काही धरून चाललेल्या.

"आता चौक लागेल. त्याच्या पलीकडे ते जळलेलं चर्च. आत जा. घाबरू नकोस, आत अंधार वाटतो, पण थोडं थांबलं की भिंती गुलाबी दिसतात. दिसल्या का?"

आणि तिकडून आवाज येतो, "थांब ना आई. अजून डोळे सरावायचेत."